कंटाळा रिपोर्टात येत नाही

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने गेल्या महिन्यात 'मधुमेहमुक्ती'वर व्याख्यान ठेवलं होतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) साडेसहा टक्क्यांच्या खाली आणलेल्या सात जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पेढे तेवढे आयोजकांनी आठवणीने टाळले होते. प्रश्नोत्तरांत साठीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सांगता ते सगळं करते हो. पण मला आता कंटाळा आलाय." वक्ते हजरजबाबी होते. म्हणाले, "पथ्याचा कंटाळा केलात तर पुढे डायलिसिसचा कंटाळा यायला वेळ लागत नाही." टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या.

त्यावरून संघाच्या कट्ट्यावर आठवडाभर वाद रंगला. एका बाजूचं म्हणणं, हे सगळे जिभेचे चोचले आहेत. शिस्त नको म्हणून माणसं कंटाळ्याचं निमित्त पुढे करतात आणि वक्ते बोलले ते योग्यच बोलले. दुसरी बाजू कनवाळू होती. तिच्या मते बाईंना डिप्रेशन आलंय, त्यांना समुपदेशनाची गरज आहे, त्यांनी प्राणायाम करावा, छंद जोपासावा, सकारात्मक विचार करावा. मला स्वतःला अकरा वर्षं शुगर आहे. दोन्ही बाजू ऐकताना वाटत राहिलं की हे दोघं भांडतायत खरे, पण चुकतायत एकाच जागी. बिघाड बाईंमध्येच आहे, हे दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलंय. एकाला तो स्वभावात दिसतो, दुसऱ्याला मनात. त्या जे करतायत त्या कामाकडे कुणी बघितलंच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. न संपणारं, सुट्टी नसलेलं आणि कष्टाच्या मापात फळ न देणारं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या शहाण्या माणसाला जे वाटेल तेच त्या बाईंना वाटतंय. मधुमेह्याचा कंटाळा ही त्याच्या आजाराबद्दलची माहिती आहे, आणि बहुतेक वेळा रक्ताच्या रिपोर्टाइतकीच उपयोगाची. ती माहिती आपण टाळ्यांत बुडवतो किंवा उपदेशात.

आधी कामाचा हिशेब मांडू. वर्षाचे तास ८,७६०. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो आणि दर वेळी त्यांनी चांगली दहा मिनिटं दिली असं धरलं (धरायला काय जातं!), तर वर्षाची चाळीस मिनिटं होतात. उरलेले ८,७५९ तास आणि वीस मिनिटं हा आजार रुग्ण स्वतः चालवतो. अपेंडिक्स सर्जन काढतो, मोतीबिंदूही तोच काढतो. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की दिवस बराचसा मोकळा. इथे मात्र उठल्यापासून निर्णयच निर्णय. उपाशीपोटी तपासायची का, पोहे खायचे की भाकरी, गोळी घेतली पण जेवायला उशीर होणार असेल तर काय, लग्नात पहिल्या पंगतीला बसता येईल का, चपलेने अंगठ्याला घासलंय ते नुसतं खरचटलंय की दाखवायला हवं. टाइप १चा, म्हणजे शरीरात इन्शुलिनच बनत नाही असा, मधुमेह असलेलं पोर दिवसाला चार वेळा इन्शुलिन टोचतं, म्हणजे वर्षाला १,४६० सुया. आणि प्रत्येक सुईआधी ताटातला भात किती, पुढचा तास पीटीचा आहे की गणिताचा, आत्ता शुगर किती आहे, याचा अंदाज बांधतं. डोस जास्त झाला तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, शुद्ध हरपू शकते. कमी पडला तर शुगर चढते. शाळेत बाकीच्या मुलांना गणिताचा एकच तास असतो.

तेही चाललं असतं, कष्टाला फळ मिळालं असतं तर. पण शुगरचा आकडा कष्टाचं ऐकतोच असं नाही. काल रात्री जे जेवलात तेच आज जेवा, तेवढंच चाला, तेवढीच झोप घ्या, सकाळचा आकडा तीस-चाळीसने वेगळा येऊ शकतो. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, आणि रात्रभर पाण्याशिवाय काही न घेतलेल्या माणसाची शुगर उठताना झोपतानापेक्षा जास्त भरते. साधी सर्दी तिला चढवते. दातातला पू चढवतो. सांधेदुखीवर दिलेलं स्टिरॉइड तर धो-धो चढवतं. वर मोजायचं यंत्रसुद्धा काटेकोर नाही. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभरावरच्या आकड्याला १५ टक्क्यांपर्यंतची चूक चालते, म्हणजे खरी शुगर १५० असताना यंत्राने १२८ दाखवले काय नि १७२ दाखवले काय, यंत्र पास. नापास होतो तो रुग्ण. १७२ बघून बायको विचारते, "काल ऑफिसात काय खाल्लंत?"

कष्ट आपले, पण पीक दुसऱ्याच्या हातात, ही अवस्था महाराष्ट्राला नवी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा जन्म याच हिशेबात जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांवर या राज्यात जो वाद झाला तो आठवून पाहा. काहींनी दारू आणि लग्नातला खर्च काढला. काहींनी शेतकऱ्याला समुपदेशन द्या, कीर्तन ऐकवा, त्याचं मनोबल वाढवा असं सुचवलं. पहिले कठोर होते, दुसरे प्रेमळ होते, आणि दोघांच्याही बोलण्यातून पाऊस, भाव आणि सावकार गायब होते. शेतकऱ्याची निराशा हा त्याच्या मनाचा दोष आहे असं आज गंभीरपणे म्हणायला कुणी धजावणार नाही. मग शुगरवाल्याच्या बाबतीत ते इतक्या सहज का म्हटलं जातं?

वैद्यकशास्त्राने हा फरक ओळखून बराच काळ लोटलाय. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मधुमेहाच्या त्रासावर वीस प्रश्नांची एक मोजपट्टी मांडली. दहा वर्षांनी सतरा प्रश्नांची दुसरी आली. या दुसऱ्या पट्टीने त्रासाचे चार भाग केले: खुद्द आजाराचं ओझं, रोजच्या पथ्यपाण्याचा त्रास, डॉक्टरांकडून होणारा त्रास आणि घरच्या-दारच्या माणसांकडून होणारा त्रास. चारांतले दोन भाग सरळ दुसऱ्या माणसांबद्दलचे आहेत! इंग्रजीत याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. मराठीत त्याला 'मानसिक ताण' म्हणण्याची घाई करू नये असं मला वाटतं, कारण 'मानसिक' म्हटलं की दोष पुन्हा डोक्यात जाऊन बसतो. आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. पथ्याचा 'जाच' असतो, आणि हा शब्द नेहमी सासुरवासाच्या जोडीने येत असल्यामुळे जाच करणारा कुणीतरी आहे हे त्यातच आलं. आंधळेपणाचा, पाय कापला जाण्याचा 'धसका' असतो. आणि या सगळ्याचा मिळून जो होतो तो 'वैताग'. वैतागलेल्या माणसाला आपण वेडा म्हणत नाही, आळशीही म्हणत नाही. त्याला कशाने वैताग आणला ते विचारतो. मी पुढे हाच शब्द वापरणार आहे.

टाइप २, म्हणजे सर्रास आढळणाऱ्या, मधुमेहाच्या अनेक अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असा वैताग सुमारे ३६ टक्के लोकांत आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि गोव्यात तर प्रौढांत हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून जास्त. परदेशी अभ्यासांतलं प्रमाण आपल्याकडे निम्मंच लागू पडतं असं धरलं तरी दीड कोटीच्या वर माणसं होतात. इतक्या लोकांचा एकाच वेळी स्वभाव बिघडला?

आता शिस्तवाल्यांचं ऐकू, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. मधुमेह लाड खपवून घेत नाही. १९९३ साली संपलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत टाइप १च्या १,४४१ रुग्णांना सरासरी साडेसहा वर्षं तपासलं गेलं. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात डोळ्यांचा पडदा बिघडायला लागण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी कमी झाली. टाइप २बद्दल १९९८ साली ब्रिटिश अभ्यासाने त्याच दिशेचा पुरावा दिला. आकडा महत्त्वाचा आहे, चालणं महत्त्वाचं आहे, पथ्य महत्त्वाचं आहे. डायलिसिसच्या खुर्च्यांवर आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसणारी माणसं बघितलेला डॉक्टर जर घाबरवत असेल, तर तो दुष्टपणाने नाही घाबरवत. कंटाळा आलाय म्हणून सोडून द्या असं सांगणारा माणूस तुमचा मित्र नव्हे, हे मला मान्य आहे.

पण मग त्याच अमेरिकन चाचणीत ती शिस्त आली कुठून, हेही बघायला हवं. काटेकोर गटातले रुग्ण दर महिन्याला केंद्रात यायचे, आणि मध्ये त्यांना वरचेवर फोन जायचे. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ असा ताफा त्यांच्या पाठीशी होता. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलावत. म्हणजे जी ७६ टक्क्यांची कमाई आपण 'शिस्ती'च्या खात्यावर मांडतो, तिच्यामागे साडेसहा वर्षांची सोबत होती. आपण त्यातली सोबत वजा केली, शिस्त तेवढी ठेवली, आणि आता ती एकट्या माणसाला पेलत नाही म्हणून त्याच्यावर डाफरतो. डाफरण्याने शुगर उतरते हे दाखवणारी चाचणी मला अजून कुणी दाखवलेली नाही.

डाफरण्याचा इतिहास मात्र मोठा आहे. इन्शुलिन येण्याआधी, १९१०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर मधुमेह्यांना उपाशी ठेवून जगवत. दुसरा इलाज नव्हता, आणि ॲलन मनापासून झटणारे होते, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा होता, आजाराने आंधळा झालेला. खायला जवळजवळ काही न देताही त्याच्या लघवीतली साखर हटेना. शेवटी उलगडा झाला: पोर दातांची पेस्ट खात होतं, आणि सोबतीला म्हणून मागून घेतलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होतं. ॲलन यांच्या नोंदीत आहे की पुष्कळ नाकारल्यानंतर हा 'कबुलीजबाब' मिळाला. कबुलीजबाब! भुकेने पक्ष्याचे दाणे खाणाऱ्या आंधळ्या मुलाबद्दल पोलीसठाण्यातला शब्द. मूल पुढे दगावलं. ॲलन यांच्याच पथ्यावर तग धरलेली एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२मध्ये टोरांटोला पोचली तेव्हा पंधरावं लागत होतं आणि वजन होतं वीस किलो. तिथे इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या बँटिंग यांनी तिला ते दिलं आणि ती १९८१पर्यंत, त्र्याहत्तर वर्षांची होईतो, भरपूर जगली. लग्न केलं, मुलं झाली, समाजकार्य केलं. आणि जन्मभर आपला मधुमेह लपवला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री राहिलेल्या वडिलांच्या कागदपत्रांतले त्याबद्दलचे उल्लेखसुद्धा तिने काढून टाकले. वैद्यकशास्त्राचा चमत्कार म्हणून मिरवता आलं असतं अशा बाईला काय लपवावंसं वाटलं असेल? औषधाने तिचा जीव वाचवला होता, 'तू काय खाल्लंस?' या प्रश्नापासून तिला वाचवणारं औषध निघालं नव्हतं.

ते आपल्याकडेही निघालेलं नाही. चरकाने प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांची) कारणं सांगताना सुरुवातच 'आस्यासुखं स्वप्नसुखम्' अशी केली, म्हणजे बसून राहण्याचं सुख आणि झोपेचं सुख, पुढे दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. हा श्लोक व्याख्यानांत हटकून येतो. सुश्रुताने मात्र प्रमेहाचे दोन प्रकार मानले, एक अपथ्यातून होणारा आणि दुसरा 'सहज', म्हणजे आईबापांच्या बीजातून जन्मासोबत आलेला. हा दुसरा अर्धा भाग व्याख्यानांत येत नाही, कारण तो आला तर कुणाला झापायचं? आणि पुण्यातच त्याला आधुनिक पुरावा मिळालाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. हाडं, स्नायू, पोटातले अवयव सगळं कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबी धरून असलेलं शरीर आईच्या पोटातच घडत होतं. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांमध्ये २१.२. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर पेलेना, हेही नोंदलं गेलंय. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात सुकडी खाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांची मुलं आज पन्नाशी ओलांडतायत. त्यांतल्या एखाद्याला शुगर निघाली की आपण विचारणार, गोड फार खात होतास का?

आता कनवाळू बाजूकडे येतो. तिच्याशी भांडणं जास्त अवघड, कारण ती चांगल्या मनाने बोलते. तिचंही अर्धं खरं आहे. मधुमेह्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असल्याचं अभ्यास सांगतात. झोप उडाली, भूक मेली, कशातच रस उरला नाही, जगू नये असं वाटायला लागलं, तर तो वैताग नव्हे. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. पण वैताग आणि नैराश्य एकच नाहीत. कॅलिफोर्नियातले लॉरेन्स फिशर आणि सहकारी यांच्या अभ्यासांत वैताग जास्त असलेल्या बहुतेकांना नैराश्याचं निदान लागू पडत नव्हतं. साखरेच्या आकड्याशी धागा जुळला तोही वैतागाचा. म्हणजे सरसकट सगळ्यांना समुपदेशकाकडे पाठवून बहुतेकांचा प्रश्न सुटणार नाही. ज्याला शुगर तपासायच्या पट्ट्या महाग पडतात, प्रत्येक पट्टीला पंधरा-वीस रुपये जातात, त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगून पट्टी स्वस्त होत नाही.

आणि 'हा मुळात मनाचाच आजार' ही समजूत तर फार जुनी आणि फार बेईमान आहे. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी मधुमेहाचं खापर दीर्घ दुःखावर फोडलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत आणि अमेरिकेत मधुमेहाला चक्क ज्यूंचा आजार म्हणत, आणि कारण देत की ही जमात हळव्या नसांची, सतत चिंता करणारी, वर खाण्यापिण्याची शौकीन. म्हणजे कट्ट्यावरच्या दोन्ही बाजू तेव्हा एकाच वाक्यात होत्या! ताणाने शुगर चढते हे शरीरशास्त्र खरंच आहे. पण 'ताण घेऊ नका' हा सल्ला ऐकून ताण गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. शुगरचा ताण घेऊ नका, ताणाने शुगर वाढते, हे ऐकल्यावर त्याला ताण घेतल्याचाही ताण येतो.

मधुमेहमुक्तीच्या चळवळींबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण वादाची ठिणगी तिथे पडली. दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत उरका, या पद्धतीने महाराष्ट्रात हजारो माणसं चालायला लागली, वजनं उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याला नावं ठेवणार नाही. 'मुक्ती' शक्य असल्याचा पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या २०१७च्या चाचणीत, आजार सहा वर्षांहून जुना नसलेल्या आणि इन्शुलिनवर नसलेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी दिल्या, तेव्हा वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांची शुगर औषधांविना मर्यादेत होती. दोन वर्षांनी हेच प्रमाण ३६ टक्के. म्हणजे निवडक रुग्ण, नियमित मदत, आणि तरीही अर्ध्याहून जास्त लोक मुक्त झाले नाहीत, आणि जे झाले त्यांतल्याही काहींची शुगर परतली. आजार पुढे सरकतो, स्वादुपिंडातल्या पेशी वर्षागणिक थकतात, त्यात पापपुण्य नाही. सत्काराच्या रांगेत मात्र परतलेल्यांना जागा नाही. गेल्या वर्षी शाल घेतलेल्या एका गृहस्थांना यंदा इन्शुलिन सुरू झालं, ते आता व्याख्यानाच्या दिवशी गावाला जातात. शिवाय "गोळ्यांनी ऐकलं नाही तर इंजेक्शन लावावं लागेल" अशी धमकी दवाखान्यातच मिळालेली असते, त्यामुळे जीव वाचवणारं औषध शिक्षेसारखं अंगावर येतं.

घराबद्दल तर काय लिहावं. आपली माया ताटातून वाहते. गणपतीत मावशी पाठीमागे लागून मोदक वाढते, "एकाने काय होतंय, बाप्पाचा प्रसाद आहे", आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला की तीच मावशी, "तुझा तोंडावर ताबाच नाही." नाही म्हणालं तर प्रसादाचा अपमान, हो म्हणालं तर शरीराचा. पुरुषांचं त्यातल्या त्यात बरं. नवऱ्याला शुगर निघाली की घरात ज्वारी येते, भाजी कमी तेलात होते, बायको डबा वेगळा बांधते. बायकोला निघाली तर ती सगळ्यांसाठी शिरा करते, चव बघत नाही, सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेला भात संपवते आणि चालायला जायचं तर दिवेलागणीला जाते, तेव्हाच फोन येतो, चहा कुणी ठेवायचा? 'सगळं करते हो' असं त्या बाई म्हणाल्या होत्या. त्या 'सगळं'मध्ये काय काय होतं, हे सभागृहात कुणी विचारलं नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना डॉक्टरांनी वैताग कधी ऐकायचा? मानसोपचारतज्ज्ञ तर तालुक्याला मिळत नाही. पण हे काम तज्ज्ञाचं नाहीच मुळी. सतरा प्रश्नांच्या पट्टीची दोनच प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे: शुगरच्या रोजच्या मागण्यांनी जीव मेटाकुटीला येतो का, आणि आपण पथ्यपाण्यात सारखे कमी पडतोय असं वाटतं का. हे प्रश्न वजन-रक्तदाब बघणारी नर्स विचारू शकते, आशाताई विचारू शकते. भारतात याहून मोठं काम करून पाहिलंय. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ जणांवर झालेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले मदतनीस रुग्णांच्या संपर्कात राहत आणि तज्ज्ञ अधूनमधून त्यांच्या नोंदी तपासत. दोन वर्षांनी, नैराश्याची लक्षणं निम्म्याने उतरली आणि शिवाय शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतलं निदान एक सुधारलं, असे रुग्ण या गटात ७१.६ टक्के होते, नेहमीच्या उपचारात ५७.४ टक्के.

माझ्यापुरतं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची शुगर ८.१ आली. फाइल वर ठेवलेली, डॉक्टर गोळीचा डोस वाढवायच्या बेतात. त्या दिवशी त्यांच्याकडे नवीन आलेल्या आहारतज्ज्ञ मुलीने आत जायच्या आधी विचारलं होतं, "काका, या तीन महिन्यांत सगळ्यांत जास्त काय छळलं?" तोवरच्या नऊ वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, रात्री तीनला दचकून उठतो, कपडे भिजलेले असतात, परत झोपायची भीती वाटते. त्या भीतीने मी झोपताना केळं आणि चार बिस्किटं खायला लागलो होतो. हे घरी ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना सांगायची तर लाजच वाटायची, कारण त्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असतं ते मला पाठ होतं. मुलीने दोन रात्री तीनला तपासायला सांगितलं. एकदा ५८ आली, एकदा ६३. रात्रीची गोळी जास्त होत होती. शुगर घसरत होती, मी घाबरून खात होतो, सकाळी ती चढलेली दिसायची आणि रिपोर्ट म्हणायचा, डोस वाढवा. त्यांनी उलट तो कमी केला. त्या प्रश्नोत्तराला चार मिनिटंसुद्धा लागली नसतील.

संघाच्या चिटणिसांना मी भेटलो. पुढच्या व्याख्यानात सत्काराआधी पंधरा मिनिटं ज्यांना कंटाळा आलाय त्यांना द्या, आणि त्या बाईंना पहिला माईक द्या, एवढंच सुचवलं. ते म्हणाले, वक्त्यांना विचारून बघू, वेळ कमी असतो. बाई मात्र त्या दिवसापासून कट्ट्यावर आलेल्या नाहीत.